वर गेले, खाली आले

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी एका माणसाच्या डोक्यात लोखंडी पाना घातला, तेव्हा मी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात उभी होते. खटल्यात मी सरकार पक्षाची साक्षीदार झाले ती त्यामुळे. माझा विषय गुन्हेगारीशास्त्र आहे, कायद्याच्या मुलांना मी तो बरीच वर्षं शिकवते आहे, हा निव्वळ योगायोग. पण त्या योगायोगाने पुढची काही वर्षं मला स्वस्थ बसू दिलं नाही.

आमची सोसायटी कर्वेनगरात, आतल्या गल्लीत. चार मजले, लिफ्ट नाही, आणि पार्किंगमध्ये जागेपेक्षा गाड्या जास्त. काका-काकू दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. काका एका कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झालेले, पासष्टीच्या आसपासचे. मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला. सोसायटीचा पंप बंद पडला, कुणाचा नळ गळायला लागला, की प्लंबरच्या आधी काकांना हाक जायची. मग ते पायजमा-बनियनवर, हातात पाईपचा पाना घेऊन खाली उतरायचे. त्या वेशात त्यांना जिन्यात बघायची आम्हा सगळ्यांना सवय होती. बोलणं तुटक, पण काम चोख. आमच्या लग्नानंतर गॅसची शेगडी त्यांनीच जोडून दिली होती.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं भाड्याने राहायचं. अमरावतीकडचं. तो आयटीत, ती घरूनच काम करायची. त्याची गाडी मोठी आणि आमचं पार्किंग लहान, त्यामुळे काकांची स्कूटर वरचेवर मागे अडकायची. यावरून दोघांची दोन-चार वेळा बोलाचाली झाली होती. पुण्यातल्या कुठल्या सोसायटीत ती होत नाही?

रविवारची सकाळ होती. माझे यजमान मार्केट यार्डात कांद्याचे आडते, ते नेहमीप्रमाणे पहाटेच गेले होते. मी भाजी आणायला खाली निघाले आणि मधल्या जिन्यात त्यांचा फोन आला म्हणून खिडकीपाशी थांबले. खिडकीतून खालचं पार्किंग दिसतं. काका स्कूटरपाशी उभे होते. तो मुलगा गाडीला टेकून फोनवर बोलत होता.

"किती वेळा सांगायचं आपल्याला?" काका म्हणाले.

"काढतो ना काका. दोन मिनिटं. कॉलवर बोलून राहिलो."

"कॉल रस्त्यावर जाऊन घ्या. ही सामायिक जागा आहे."

त्याने फोन खाली केला. "इतकी घाई काय आहे पण तुम्हाला? रिटायर माणूस. कुठं लेट होऊन राहिलं?"

आणि तो हसला. गाड्या पुसणारा माणूस तिथेच होता, तोही हसला. पलीकडच्या विंगमधले एक गृहस्थ पेपर घ्यायला आले होते, त्यांनीही हसून मान हलवली. वाईट असं कुणी काही बोललं नाही.

काका जिना चढून वर आले, माझ्या शेजारून गेले. मी फोनवर होते, मान हलवली. त्यांनीही हलवली. वर त्यांचं दार उघडल्याचा आवाज आला. यजमान मला कुठली तरी पावती कपाटात आहे का, ते विचारत होते. मी म्हटलं, घरी गेल्यावर बघते. तेवढ्यात काका परत खाली आले. हातात पाना होता.

"जरा बाजूला व्हा, वहिनी," ते म्हणाले.

मी बाजूला झाले. पंप बिघडला असेल असं मनात आलं, किंवा काहीच आलं नाही. मी फोन बंद केला आणि खिडकीतून सहज खाली बघितलं. तो मुलगा तोवर गाडीत बसायला वाकला होता. त्याची पाठ काकांकडे होती. काकांनी एकदाच मारलं. आवाज फार मोठा नव्हता. तो दाराला धरून हळूहळू खाली बसला, आणि मग आडवा झाला.

मी धावत खाली गेले. त्याच्या कानातून रक्त येत होतं. गाड्या पुसणाऱ्याने त्याला उचलायला हात घातला, तर काका म्हणाले, "उचलू नका. मान हलेल. रिक्षात घालू नका, ॲम्ब्युलन्सच बोलवा." हे त्यांनी पंप दुरुस्त करताना शेजारच्याला सूचना द्यावी, तशा आवाजात सांगितलं. मग पाना शेजारी ठेवून ते खालच्या पायरीवर बसले आणि पोलीस येईपर्यंत तिथेच बसून राहिले. वरून त्या मुलाची बायको अनवाणी धावत आली. तिचं ओरडणं ऐकून काकू गॅलरीत आल्या. त्यांनी खाली बघितलं, पायरीवर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं, आणि त्या तिथेच कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी सोसायटीचे लोक गच्चीवर जमले. कुणी बोलावलं नव्हतं, पण घरात कुणाला बसवेना. चेअरमन म्हणाले, "माणूस रिटायर झाला की कामावरचा मान जातो, आणि राहतो तो राग." पहिल्या मजल्यावरच्या आजींचं म्हणणं, रक्तातच असणार, त्यांचे वडीलही तापट होते असं काकूंनीच एकदा सांगितलं होतं. एकाने सांगितलं की काका दिवसभर मोबाइलवर मारामाऱ्यांचे व्हिडिओ बघायचे, माणूस जे बघतो तेच शिकतो. चौथ्या मजल्यावरचा जिमला जाणारा मुलगा म्हणाला, "सिंपल आहे. या वयात कोर्ट काही करत नाही, हे त्यांना माहीत होतं. कॅल्क्युलेट करूनच केलं असणार."

खाली येताना जिन्यात माझे यजमान म्हणाले, "तुझा अख्खा अभ्यासक्रम आज गच्चीवर बसला होता."

मला हसू आलं नाही. खरंच तसं झालं होतं. गुन्हा का घडतो याची जी उत्तरं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, ती बहुतेक त्या गच्चीवर कुणी ना कुणी उच्चारली होती. माणूस नफा-तोटा तोलून गुन्हा करतो. माणूस तसाच जन्माला येतो. समाज जे मिळवायला सांगतो ते मिळवायची वाट बंद असली की माणूस आडवाटेने जातो. संगतीने शिकतो. एकदा गुन्हेगार म्हणून शिक्का बसला की त्या शिक्क्याप्रमाणे वागायला लागतो. यातलं काहीच खोटं नाही. फक्त माझ्या फळ्यावरची उदाहरणं नेहमी दुसऱ्या कुणाची असायची. वस्तीतल्या टोळ्या, साखळीचोर, कोयता घेऊन गाड्या फोडणारी पोरं. पेन्शनर नसायचे. आमच्या गॅसची शेगडी जोडून देणारे तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले. पेपरात बातमी आली होती, सोसायटीचं नाव होतं, मुलांना कळलंच होतं. त्या सत्रात आमचा हाच भाग चालू होता. एक जुना प्रश्न मी मुलांना नेहमी देते: माणसं गुन्हा का करतात, हे विचारण्याऐवजी बहुतेक माणसं गुन्हा का करत नाहीत, ते विचारून बघा. याचं एक उत्तर असं, की माणसाला बंध धरून ठेवतात. घर, लग्न, नोकरी, चार लोकांत असलेलं नाव. बंध जितके घट्ट, तितका माणूस सावरलेला.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती फारशी बोलायची नाही. तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या शेजारच्या त्या काकांकडे हे सगळंच होतं ना?"

मी म्हटलं, "होतं."

"आणि भांडण झालं तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे नाही मारलं. वर गेले, खाली आले. मग मधे काय झालं, ते कुठल्या सिद्धान्तात बसतं?"

मी म्हटलं की मी या प्रकरणात साक्षीदार आहे, मला वर्गात यावर बोलता येणार नाही. हे खरंच होतं. पण मला बोलायची परवानगी असती, तरी त्या क्षणी मी काय सांगितलं असतं, कोण जाणे.

कायद्याच्या दृष्टीनेही सगळं त्या मधल्या वेळावरच उभं होतं. अचानक डोकं फिरून हात उचलला, तर गुन्हा एक. विचार करून, हत्यार घेऊन आला, तर गुन्हा दुसरा. आणि त्या मधल्या वेळात काकांचा चेहरा बघू शकतील अशी माणसं दोनच होती, मी आणि काकू.

तो मुलगा वाचला. कवटीला तडा गेला होता, उजव्या कानाने ऐकू येणं कायमचं गेलं, आणि चालताना तोल जायला लागला. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी आमची सोसायटी सोडली आणि नदीपलीकडे घर घेतलं. मी भेटायला गेले. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या डाव्या बाजूला बसून बोलावं लागत होतं.

"मी हसलो होतो ना ताई," तो म्हणाला. "बस, हसलो. शिवी नाही दिली, काही नाही. मी रोज आठवून पाहतो, अजून काही बोललो का."

"काही बोलला नाहीत," मी म्हटलं. "मी ऐकत होते."

चहा घेऊन त्याची बायको आली. कप माझ्या हातात देत ती म्हणाली, "ताई, तुमच्या सोसायटीतल्या बाया फोन करतात. काका असे का वागले, त्यांना टेन्शन होतं का, बीपी होतं का. सगळे त्यांचंच कारण शोधून राहिले. माझा माणूस नुसता गाडीत बसून राहिला होता, त्याच्यावर हे का आलं, ते कोण शोधते?"

मी कप तसाच हातात धरून बसले. तिचं बोलणं माझ्या विषयालाच लागू होतं. आमच्या पुस्तकांत मारणाऱ्यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात, आणि मार खाणारा शेवटी कुठे तरी, परीक्षेला कमी गुणांसाठी. "तुम्ही त्यांना हातात पाना घेऊन येताना पाहिलं," ती म्हणाली. "ते भानावर होते का नव्हते, हे तुम्हीच सांगू शकता. एवढंच करा आमच्यासाठी."

काका काही महिन्यांनी जामिनावर सुटले. आधी त्यांना आमच्या भागात यायची मनाई होती, ते कसबा पेठेत बहिणीकडे राहिले. आरोपपत्र दाखल झाल्यावर त्यांना घरी राहायची परवानगी मिळाली. अट एवढीच, की साक्षीदारांशी बोलायचं नाही. आणि मुख्य साक्षीदार त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होती.

तो काळ मी कसा काढला, ते सांगणं अवघड आहे. काकांनी मला कधी डोळा वर करून बघितलं नाही. तरी माझी सकाळची तासिका लवकर असायची, यजमान आधीच बाहेर पडलेले, जिन्यात उजेड कमी. मी दार उघडून आधी कानोसा घ्यायची. दुसऱ्या मजल्यावर कडी वाजली की थांबायची. दार परत लागलं की भराभर उतरायची. घरात पाण्याचं भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं. यजमानांनी एकदा सुचवलं, आपण काही दिवस माझ्या माहेरी राहू या का. मी नको म्हटलं. माणसाला माणूस घाबरतो म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं; त्याआधी मी तो शब्द फक्त वापरत होते.

साक्षीची तारीख जवळ आली तशा एका दुपारी काकू वर आल्या. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आत येऊन त्या सोफ्याच्या कडेवर बसल्या.

"मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण ते भानावर नव्हते, एवढं म्हणा. वकील म्हणाले, तेवढ्याने खूप फरक पडेल. तुम्ही शिकलेल्या, याच विषयातल्या. तुमचं म्हणणं जज ऐकतील."

"काकू, तुम्ही माझ्याकडे आलात हेसुद्धा बरोबर नाही."

"मनाई त्यांना आहे, मला नाही." त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही हो. हे तुम्ही बघितलंयत."

बघितलं होतं. ते नाकारता येत नव्हतं.

त्यानंतर एक-दोन दिवसांनीच ते झालं. मी कॉलेजमधून येत होते. पहिला मजला ओलांडून मधल्या जिन्यात आले, तर काका समोर उभे. खिडकीला पाठ, हात मोकळे. मी जागच्या जागी थिजले.

"मला तुमच्याशी बोलायची मनाई आहे," ते म्हणाले. "तुम्ही बोलू नका. मीच बोलतो. ती तुमच्याकडे येऊन गेली, कळलं मला. तिचं ऐकू नका."

मी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"मी वर गेलो तो पाना आणायला नव्हतो गेलो. घशाला कोरड पडली होती. पाणी प्यायलो. फुलपात्र विसळलं, ओट्यावर पालथं घातलं. मग वाटलं, आता परत खाली जायचं म्हणजे त्या तिघांच्या समोरून स्कूटर काढायची. आणि नाही गेलो, तर उद्यापासून या जिन्याने कसं उतरायचं? पाना मोरीपाशी होता. मला सगळं आठवतंय. तुम्हाला बाजूला व्हा म्हणालो, तेही आठवतंय. मी भानावर होतो. वेडा म्हणवून घेऊन मला सुटायचं नाही."

इतकं बोलून ते वर निघून गेले. मी खिडकीपाशी बराच वेळ उभी होते. त्यांचा आवाज त्या दिवशी होता तसाच होता, मान हलेल म्हणून सांगणारा. आणि माझ्या मनात आलं, की ज्या ताठ्याने हा माणूस खाली उतरला, त्याच ताठ्याने तो आज खरं बोलतोय. त्या मुलाच्या हसण्यापुढे वाकायचं नव्हतं, आता वकिलापुढेही वाकायचं नाही.

यजमान आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा अर्धा तसाच ठेवला. "दम दिला?"

"नाही."

"मग सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न."

"सांगितलं तर जामीन जाईल. शिवाय ते स्वतःच्या तोंडाने कबूल झाल्यासारखं होईल."

"झाले ना कबूल. तू थोडीच केलंस त्यांना." मग ते म्हणाले, "उद्या तो पोरगा एका कानाने कोर्टात ऐकत बसेल. त्याच्यासमोर तुला अर्धं सांगता येईल का, ते बघ."

मी सरकारी वकिलांना भेटले आणि जिन्यात झालेलं बोलणं सांगितलं. ते मान डोलावत टिपून घेत होते. त्यांना आनंद झाला होता, आणि तो बघून मला उगाच कसं तरी झालं.

शिवाजीनगरच्या कोर्टात माझी साक्ष दुपारी झाली. काका आरोपीच्या जागेवर, इस्त्रीचा शर्ट घालून. काकू मागच्या बाकावर. तो मुलगा आणि त्याची बायको दुसऱ्या बाजूला; तो डावा कान पुढे करून बसला होता. सरकारी वकिलांनी विचारलं तसं मी सांगत गेले. फोन, खिडकी, हसणं, जाणं, येणं, पाना. जिन्यातलं बोलणंही सांगितलं. पाणी, फुलपात्र, मोरीपाशी ठेवलेला पाना. सांगताना माझं लक्ष काकूंकडे गेलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. नवऱ्याच्या पाठीकडे बघत होत्या.

बचावाचे वकील उठले. त्यांनी आधी जिन्यातल्या भेटीवर शंका घेतली, तिथे तिसरं कुणी होतं का, म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. मग ते गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, आपण गुन्हेगारीशास्त्राच्या प्राध्यापक. अनेक वर्षांचा अनुभव. ज्या माणसाला घरदार आहे, इज्जत आहे, मागचा एकही गुन्हा नाही, असा माणूस भानावर असताना हे करेल, असं आपलं शास्त्र सांगतं का?"

मी तोंड उघडणार, तोच न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदाराने काय पाहिलं आणि काय ऐकलं तेवढं विचारा. शास्त्र राहू द्या."

मला सुटल्यासारखं वाटलं. लगेच वाटलं, अरेरे. कारण तो प्रश्न मलाच हवा होता. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने विचारला होता, तोच होता तो.

काकांना शिक्षा झाली. काही वर्षांची सक्तमजुरी. निकाल ऐकताना ते ताठ उभे होते. त्या मुलाच्या बायकोने पदराने तोंड झाकून घेतलं. बाहेर आल्यावर तो मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "थँक्यू ताई." आणि मग, "आनंद नाही होऊन राहिला पण." पुढे ते दोघं अमरावतीला परत गेले. त्याला तिथून काम करता येतं. त्यांना मुलगी झाली, तिचा फोटो त्यांनी मला पाठवला. कान आहे तसाच आहे.

काका आत गेल्यावर जिन्यातली भीती गेली आणि दुसरंच काही तरी आलं. काकू समोर आल्या की नजर चुकवायच्या नाहीत. सरळ माझ्याकडे बघून, न बोलता जायच्या. असे बरेच महिने गेले. मग एकदा दुपारी त्यांनी बेल वाजवली. या वेळी सोफ्यावर न बसता त्या थेट स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या.

"मी भांडायला नाही आले," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा. तुम्ही शिकवता ना, माणसं असं का करतात? मला शिकवा."

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगायला लागले. काही म्हणतात, माणूस फायदा बघून करतो. काकू म्हणाल्या, "यात कसला फायदा?" काही म्हणतात, जन्मतःच असतं. "तसं असतं तर इतकी वर्षं कुठं दडून बसलं होतं?" काही म्हणतात, संगतीने. "संगत माझी एकटीची होती." अपमान झाला, मान गेला, आणि तो परत मिळवायचा सरळ रस्ता दिसला नाही, की माणूस हात उचलतो, असंही म्हणतात. यावर त्यांनी पाट जरा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "हे थोडं लागू आहे."

बोलण्याच्या ओघात मी बंधांचं सांगितलं. घर, संसार, आपली माणसं, ती धरून ठेवतात म्हणून माणूस वाहवत नाही. हे म्हणून गेले आणि त्यांचा चेहरा बघून थांबले.

"मी तिथेच होते," त्या म्हणाल्या. "ओट्यापाशी मेथी निवडत होते. ते आत आले. मी म्हटलं, इतक्यात आलात? ते म्हणाले, परत जातोय. पाणी प्यायले. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी मान वर केली नाही हो. मेथीत किडे होते, ते बघत होते. म्हणजे मीच धरून ठेवलं नाही, असं तुमचं पुस्तक म्हणतंय का?"

"नाही," मी म्हटलं. "नाही काकू, असं नाही."

"मग कसं?"

मी त्यांना सांगितलं, की ही सगळी उत्तरं हजारो माणसांकडे एकदम बघून काढलेली असतात. कुठल्या वस्तीत, कुठल्या वयात, कशा परिस्थितीत गुन्हे जास्त होतील, ते त्यांतून कळतं, आणि ते कळणं कामाचं आहे. पण त्या हजारांतला अमुक एक माणूस अमुक सकाळी काय करेल, हे त्यांतलं कुठलंच सांगत नाही. अपमान झालेले, रिटायर झालेले, तापट बापाचे लाखो लोक आहेत, आणि ते पाणी पिऊन टीव्ही लावतात. पाना काकांनी उचलला. मेथी निवडणारीने काही केलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, कळलं नाही. "तुम्ही कोर्टात सांगितलंत ते बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "मला राग आला होता. अजून थोडा आहे." मग उठून, पाट भिंतीला लावून गेल्या.

अपिलात काकांना जामीन मिळाला. वय आणि तब्येत बघून मिळाला असं वकील म्हणाले. ते आमच्या सोसायटीत आले नाहीत, कसबा पेठेतच राहिले. काकूंनी इथलं घर बंद केलं आणि सामान टेम्पोत भरून त्याही तिकडे गेल्या. सोसायटीतल्या बायकांना वाटत होतं, त्या मुलीकडे बेंगळुरूला जातील. मलाही तसंच वाटलं होतं. टेम्पो भरत असताना मी खाली गेले, आणि विचारू नये ते विचारलं, "काकू, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जाते. इतके दिवस तिकडे जाऊन-येऊन होते ना, ते घरात आले की आता मी हातातलं काम खाली ठेवते आणि तोंडाकडे बघते. त्यांना राग येतो त्याचा. येऊ दे."

मग त्या ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी अडकला, समोरून पाण्याचा टँकर येत होता. दोन्ही ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांशी बोलायला लागले. मी फाटकाशी उभी राहून, एकाने गाडी मागे घेईपर्यंत, त्या दोघांच्या हातांकडे बघत होते.

अपील अजून सुनावणीला आलेलं नाही.